‘पर्यंत’चं इंग्रजी करताना: ‘अंटिल’, ‘टिल’ आणि ‘बाय’ न चुकता वापरण्याची रीत

गेल्या उन्हाळ्यात आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक सूचना आली, ‘उद्या पाणी दहापर्यंत येईल.’ ग्रुपवर मराठी न येणारी चार-पाच कुटुंबं आहेत, म्हणून एकाने लगेच खाली इंग्रजी करून टाकलं: ‘वॉटर विल कम बाय टेन.’ दुसऱ्या दिवशी त्यातली दोन घरं दहा वाजायची वाट बघत बसली. पाणी सहालाच आलं होतं आणि दहाला गेलं. त्या घरांत दिवसभर पिण्यापुरतंही पाणी नव्हतं, खालून कळशा भरून न्याव्या लागल्या.

इंग्रजी करणाऱ्याला इंग्रजी येत होतं. घोळ मराठी वाक्यातच होता. ‘दहापर्यंत येईल’ म्हणजे दहा वाजायच्या आत येईल, आणि दहा वाजेपर्यंत येत राहील, असे दोन्ही अर्थ होतात. मराठीत हे आपल्याला खुपत नाही, कारण प्रसंगावरून आपण अर्थ लावतो. इंग्रजीत दोन्हींसाठी वेगळे शब्द आहेत आणि त्यातला एक निवडावाच लागतो.

मी संध्याकाळचे इंग्रजीचे वर्ग घेते. अर्ज, रजेचे मेल, कामाचे मेसेज तपासताना जी चूक मला सगळ्यात जास्त भेटते ती हीच. ‘अंटिल यू डोन्ट कम’, ‘सबमिट अंटिल फ्रायडे’, ‘अंटिल ही विल कम’ या तिन्ही चुका वेगळ्या आहेत, आणि तिन्हींचं मूळ ‘पर्यंत’ या एकाच मराठी शब्दात आहे. म्हणून खालची रीत मराठी वाक्यापासून सुरू होते. टप्पे दिलेल्या क्रमानेच करा. शब्द कुठला आणि स्पेलिंग काय, हा प्रश्न बराच पुढे येतो. बहुतेक जण तिथूनच सुरुवात करतात आणि अडकतात.

## आधीची तयारी

एक वही घ्या. फोनवर किंवा मेलमध्ये ‘अंटिल’, ‘टिल’ आणि ‘बाय’ हे तीन शब्द शोधा आणि तुम्ही स्वतः लिहिलेली सात-आठ वाक्यं वहीत उतरवा. प्रत्येक वाक्याच्या खाली, ते लिहिताना तुमच्या मनात जे मराठी वाक्य होतं ते लिहा. इंग्रजी वाक्याला अजून हात लावू नका. नुसतं दुरुस्त केलं तर ते एक वाक्य सुधारेल आणि पुढच्या आठवड्यात तीच चूक परत होईल.

शब्दकोश हाताशी असू द्या, पण जपून. लहान इंग्रजी-मराठी कोशात ‘अंटिल’समोर ‘पर्यंत’ लिहिलेलं असतं, ‘बाय’समोर इतर अर्थांत ‘पर्यंत’ असतं आणि ‘अप टू’समोरही ‘पर्यंत’च. तिघांचा अर्थ एकच दिसतो, म्हणून वाटतं की कुठलाही चालेल. कोशातला अर्थ पाठ करू नका, त्याखालची उदाहरणवाक्यं वाचा. शक्य असेल तर इंग्रजी-इंग्रजी कोशातली वाचा.

## १. ‘पर्यंत’ कशाची हद्द सांगतंय ते ठरवा

‘पर्यंत’ हा संस्कृतातून आलेला शब्द, परि आणि अंत मिळून झालेला. अर्थ हद्द, सीमा. हद्द जागेची असते, मापाची असते, वेळेची असते, आणि मराठीत तिन्हींना हा एकच शब्द पुरतो. इंग्रजीत पुरत नाही.

जागा असेल तर साधा ‘टू’ किंवा ‘अ‍ॅज फार अ‍ॅज’. ‘स्टेशनपर्यंत चालत गेलो’ म्हणजे ‘आय वॉक्ड टू द स्टेशन’. इथे ‘अंटिल द स्टेशन’ नको.

माप, संख्या, रक्कम असेल तर ‘अप टू’. ‘पाचशे रुपयांपर्यंत सूट’, ‘गाडीत सात जणांपर्यंत बसतील’, ‘गुडघ्यापर्यंत पाणी’, या सगळ्यांत ‘अप टू’. हे दोन शब्द आहेत आणि मध्ये जागा सोडायची असते. दुकानांच्या पाट्यांवर ते जोडून लिहिलेले दिसतात, ते चूक आहे.

वेळ असेल तरच पुढच्या टप्प्यावर जा.

तपासणी: वहीतल्या प्रत्येक मराठी वाक्यापुढे ‘जागा’, ‘माप’ किंवा ‘वेळ’ असं लिहा. जागा आणि माप असलेली वाक्यं इथेच दुरुस्त होतात.

## २. काम चालू राहणारं आहे की एकदाच होणारं

सगळ्यात जास्त वेळ या टप्प्यावर द्या. पाण्याच्या सूचनेतली चूक इथलीच.

‘शुक्रवारपर्यंत थांब’ यातलं थांबणं शुक्रवार येईतो सतत चालू असतं. ‘शुक्रवारपर्यंत अर्ज दे’ यातलं अर्ज देणं एका क्षणात होऊन जातं. तो क्षण शुक्रवारच्या पुढे जाऊ नये, एवढंच सांगायचं असतं. पहिल्याला ‘अंटिल’ किंवा ‘टिल’ लागतो: ‘वेट अंटिल फ्रायडे.’ दुसऱ्याला ‘बाय’: ‘सबमिट द अ‍ॅप्लिकेशन बाय फ्रायडे.’

इंग्रजीचा नियम आठवत बसण्यापेक्षा मराठीतच दोन कसोट्या लावा.

पहिली कसोटी: ‘पर्यंत’ काढून ‘च्या आत’ घाला. ‘शुक्रवारच्या आत अर्ज दे’ हे बरोबर लागतं, म्हणून ‘बाय’. ‘शुक्रवारच्या आत थांब’ हे लागत नाही, म्हणून ‘अंटिल’.

दुसरी कसोटी: क्रियापदाला ‘-त राहा’ जोडा. ‘शुक्रवारपर्यंत औषध घेत राहा’ हे लागतं, म्हणून ‘अंटिल’. ‘शुक्रवारपर्यंत बिल भरत राहा’ म्हटलं तर कान टवकारतात, कारण बिल एकदाच भरायचं आहे. म्हणून ‘बाय’.

आता पाण्याचं वाक्य घ्या. ‘दहाच्या आत पाणी येईल’ लागतं आणि ‘दहापर्यंत पाणी येत राहील’ हेही लागतं. दोन्ही कसोट्या पास झाल्या की समजा, मराठी वाक्य संदिग्ध आहे. अशा वेळी इंग्रजी करायचंच नाही. ज्याने सूचना दिली त्याला विचारायचं, ‘कधी येणार आणि कधी जाणार?’ मग दोन्ही वेळा लिहायच्या. ‘दुकान नऊपर्यंत उघडेल’, ‘साहेब चारपर्यंत भेटतील’, ‘लाइट सहापर्यंत येईल’ ही त्याच जातीची वाक्यं. रोज बोलतो म्हणून ती संदिग्ध आहेत हे ध्यानात येत नाही.

वेळेच्या जागी पूर्ण घटना आली तरी हाच निकष. ‘तू येईपर्यंत मी वाचत बसते’ म्हणजे ‘आय विल रीड अंटिल यू कम’. ‘तू येईपर्यंत मी स्वयंपाक करून ठेवते’ मध्ये मात्र स्वयंपाक तू यायच्या आत संपलेला असणार. इथे ‘अंटिल’ घातला तर ऐकणाऱ्याला वाटेल की तू दारात येईतो मी कढईत ढवळत उभी असणार. अशा ठिकाणी ‘बाय द टाइम’ लागतो: ‘बाय द टाइम यू कम, आय विल हॅव कुक्ड.’ मराठी क्रियापद इथे आपणहून खूण देतं. ‘करून ठेव’, ‘आटपून टाक’, ‘झालेलं असेल’ असं काही दिसलं की ‘बाय’च्या घरात जा. ‘बस’, ‘थांब’, ‘राहा’, ‘चालू ठेव’ दिसलं की ‘अंटिल’.

सावधान: ‘च्या आत’ ही फक्त कसोटी आहे, भाषांतर नाही. ‘बाय फ्रायडे’मध्ये शुक्रवार धरलेला असतो. ‘बिफोर फ्रायडे’ लिहिलंत तर गुरुवारीच मुदत संपली. भांडण नको असेल तिथे ‘ऑन ऑर बिफोर’ लिहा. बँकांच्या आणि सरकारी पत्रांत तो उगाच नसतो.

‘नऊपासून सहापर्यंत’ असं दोन टोकांचं वाक्य असेल तर ‘फ्रॉम नाइन टू सिक्स’ किंवा ‘फ्रॉम नाइन टिल सिक्स’, दोन्ही चालतं. पण सुरुवातीचं टोक नसेल तर ‘टू’ चालत नाही. ‘वुई वर्क्ड टू सिक्स’ नव्हे, ‘वुई वर्क्ड अंटिल सिक्स’. आणि ‘बिट्वीन’ने सुरुवात केलीत तर मध्ये ‘अँड’ येतो, ‘टू’ नाही.

## ३. ‘जोपर्यंत… तोपर्यंत’ आधी मोडा

‘जोपर्यंत तू येत नाहीस तोपर्यंत मी थांबेन.’ याचं शब्दाला शब्द ठेवून इंग्रजी केलं की ‘अंटिल यू डोन्ट कम, आय विल वेट’ तयार होतं. वर्गात दहापैकी सात-आठ वह्यांत मला हे सापडतं. इंग्रजी ऐकणाऱ्याला त्यातून ‘तुझं न येणं सुरू होईतो मी थांबेन’ असलं काहीतरी ऐकू जातं, आणि तो बुचकळ्यात पडतो.

यावर उपाय मराठीतच आहे. याच अर्थाचं दुसरं वाक्य आपण रोज बोलतो: ‘तू येईपर्यंत मी थांबेन.’ कुणी ‘येईस्तोवर’ म्हणेल, कुणी ‘येईतो’. अर्थ तोच, पण ‘नाही’ गेला. इंग्रजी ‘अंटिल’ या दुसऱ्या वाक्यासारखा चालतो.

म्हणून इंग्रजीकडे जायच्या आधी ‘जोपर्यंत…नाही’ची गाठ ‘-ईपर्यंत’ने सोडवून घ्यायची. पाऊस थांबत नाही तोपर्यंत म्हणजे पाऊस थांबेपर्यंत. पगार होत नाही तोपर्यंत म्हणजे पगार होईपर्यंत. उत्तर मिळत नाही तोपर्यंत म्हणजे उत्तर मिळेपर्यंत. मग ‘अंटिल द रेन स्टॉप्स’, ‘अंटिल आय गेट द सॅलरी’, ‘अंटिल आय गेट अ रिप्लाय’. यांतल्या एकाही वाक्यात ‘डोन्ट’ किंवा ‘डझन्ट’ची गरज पडली नाही.

वाक्य सोडवल्यावरही मराठीत नकार शिल्लक राहिला, तर तो खरा नकार आहे. तो इंग्रजीतही ठेवा. ‘हात उचलवेनासा होईपर्यंत खणत राहिलो’ यात ‘उचलवेनासा’ मधला नकार जात नाही, कारण तोच अर्थ आहे: ‘अंटिल आय कुड नॉट लिफ्ट माय आर्म.’ तेव्हा ‘अंटिलनंतर नॉट कधीच नको’ असा सरसकट नियम पाठ करू नका. तो अर्धवट आहे.

आणि ‘जोपर्यंत’नंतर नकार नसेलच तर? ‘जोपर्यंत मी आहे तोपर्यंत’, ‘जोपर्यंत पाऊस पडतोय तोपर्यंत’. इथे हद्द संपण्याची वेळ सांगितलेली नाही, ती टिकून राहण्याची अट सांगितली आहे. इथे ‘अ‍ॅज लाँग अ‍ॅज’: ‘अ‍ॅज लाँग अ‍ॅज आय अ‍ॅम हिअर.’ ‘अंटिल आय अ‍ॅम हिअर’ असं लिहिणारे बरेच आहेत. त्याचा अर्थ ‘मी इथे पोहोचेपर्यंत’, म्हणजे जवळजवळ उलटा होतो.

तपासणी: वहीतल्या प्रत्येक ‘अंटिल’च्या पुढच्या तुकड्यात ‘नॉट’ आहे का बघा. असेल तर मराठीत ‘-ईपर्यंत’ करून वाचा. नकार गळला तर इंग्रजीतूनही काढा.

सावधान: ‘अंटिल’च्या सुरुवातीचा ‘अन’ पाहून काहींना वाटतं की ‘अनहॅपी’सारखा नकार शब्दातच आहे, म्हणून वेगळा ‘नॉट’ नको. निष्कर्ष बरोबर निघतो, पण कारण चुकीचं आहे. हा ‘अन’ नकाराचा नव्हे. तो कुठला ते सातव्या टप्प्यात येईल.

## ४. मुख्य वाक्यातला ‘नाही’ मात्र जपा

तिसरा टप्पा शिकल्यावर काही जण उत्साहाने सगळेच ‘नॉट’ काढून टाकतात. ‘तू येईपर्यंत मी जाणार नाही’ यातला ‘नाही’ मुख्य वाक्याचा आहे, तो राहतो: ‘आय विल नॉट गो अंटिल यू कम.’ ‘जोपर्यंत तू येत नाहीस तोपर्यंत मी जाणार नाही’ या वाक्यात दोन ‘नाही’ आहेत. पहिला गळतो, दुसरा टिकतो.

याच रचनेत ‘अंटिल’ची एक फार उपयोगी तऱ्हा लपली आहे. एकदाच होणाऱ्या कामाला ‘अंटिल’ चालत नाही, हे आपण पाहिलं: ‘आय रीच्ड होम अंटिल एट’ चूक. पण नकार घातला की तेच वाक्य उभं राहतं: ‘आय डिड नॉट रीच होम अंटिल एट.’ कारण ‘न पोहोचणं’ आठ वाजेतो सतत चालू होतं. आणि या वाक्याचा अर्थ नुसता ‘आठपर्यंत पोहोचलो नाही’ एवढाच नाही. ‘पोहोचायला आठ वाजले’, ‘आठ वाजले तेव्हा कुठे पोहोचलो’ असा आहे. म्हणजे आठला पोहोचलोच.

याउलट ‘ही हॅड नॉट कम बाय एट’ म्हणजे आठच्या ठोक्याला तो आलेला नव्हता. पुढे आला की आलाच नाही, यावर वाक्य काही सांगत नाही. हा फरक तक्रारअर्जात किंवा जबाबात फार महत्त्वाचा ठरतो. माझ्या एका विद्यार्थ्याने कुरिअरच्या तक्रारीत ‘द पार्सल डिड नॉट कम अंटिल मंडे’ लिहिलं होतं. पार्सल त्याला कधीच मिळालेलं नव्हतं. पलीकडून उत्तर आलं की सोमवारी पार्सल मिळाल्याचं आपणच लिहिलं आहे, तेव्हा तक्रार बंद करत आहोत. ‘द पार्सल हॅज स्टिल नॉट कम’ एवढं साधं वाक्य पुरलं असतं.

तपासणी: ‘नॉट… अंटिल’ लिहिलंत की स्वतःला विचारा, त्या वेळी ते काम झालं का? ‘हो’ असेल तरच वाक्य ठेवा.

‘अनलेस’शी होणारी गल्लत इथेच मिटवू. ‘पैसे भरल्याशिवाय पावती मिळणार नाही’ ही अट आहे, तिला ‘अनलेस यू पे’. ‘पैसे भरेपर्यंत पावती मिळणार नाही’ यात पैसे भरले जाणार हे धरून वेळ सांगितली आहे, तिला ‘अंटिल यू पे’. मराठीत ‘-ल्याशिवाय’ नैसर्गिक वाटतं का ‘-ईपर्यंत’, ते बोलून बघा. ‘अनलेस’च्या पुढेही ‘डोन्ट’ नको, ‘-शिवाय’चा अर्थ त्यातच आहे.

## ५. काळ: ‘विल’ एकदाच

‘तो येईपर्यंत’ मध्ये आपल्याला ‘येईल’ ऐकू येतं, म्हणून हात आपोआप ‘अंटिल ही विल कम’ लिहितो. गोष्ट भविष्यातली असली तरी ‘अंटिल’च्या तुकड्यात साधा वर्तमानकाळ येतो: ‘अंटिल ही कम्स.’ ‘विल’ मुख्य वाक्यात असतो, तिथेच राहू द्या. ‘बाय द टाइम’लाही हाच नियम.

काम पूर्ण संपण्यावर जोर द्यायचा असेल तर ‘अंटिल आय हॅव फिनिश्ड’. भूतकाळातली गोष्ट असेल तर ‘अंटिल ही केम’. एवढंच.

## ६. ‘आतापर्यंत’ आणि ‘आजपर्यंत’ वेगळे काढा

‘आतापर्यंत तीन हप्ते भरले’ याला ‘सो फार’ लागतो: ‘आय हॅव पेड थ्री इन्स्टॉलमेंट्स सो फार.’ ‘अंटिल नाऊ’ म्हटलं की इथून पुढे काहीतरी बदलतंय, अशी सूचना मिळते. कर्जाच्या मेलमध्ये तुम्ही ‘अंटिल नाऊ’ लिहिलंत, तर पुढचे हप्ते थांबवताय की काय, असं वाचणाऱ्याला वाटू शकतं.

‘टिल डेट’ भारतात कचेऱ्यांत सर्रास चालतं आणि इथे सगळ्यांना कळतं. देशाबाहेरच्या माणसाला लिहिताना ‘टू डेट’ किंवा ‘सो फार’ लिहा.

## ७. आता शब्द आणि स्पेलिंग

‘टिल’ आणि ‘अंटिल’ यांचा अर्थ एकच. वाक्याच्या सुरुवातीला आणि औपचारिक पत्रात ‘अंटिल’ जास्त शोभतो, बोलण्यात दोन्ही. ‘टिल’ म्हणजे ‘अंटिल’चं तुटलेलं, गावठी रूप, हा समज मात्र सोडा. ‘टिल’च जुना आहे, काही शतकांनी. जुन्या नॉर्स भाषेत ‘टिल’ म्हणजे ‘कडे, पर्यंत’. आजच्या स्वीडिश, डॅनिश, नॉर्वेजियन भाषांत तो ‘ला, कडे’ या अर्थाने रोजच्या वापरात आहे. उत्तर इंग्लंडमध्ये स्कँडिनेव्हियातून आलेल्या लोकांची वस्ती झाली आणि तिकडच्या इंग्रजीत हा शब्द मुरला. ठरलेला बिंदू, लक्ष्य असा अर्थ त्याच्या मुळाशी मानतात. जर्मनमधला ‘त्सील’, म्हणजे लक्ष्य, त्याच कुळातला.

पुढे इ. स. १२००च्या सुमारास त्याला ‘उंड’ जोडला गेला. त्या ‘उंड’चा अर्थही ‘पर्यंत’च. म्हणजे ‘अंटिल’ची फोड केली तर ‘पर्यंत-पर्यंत’ अशी होते, आणि सुरुवातीचा ‘अन’ तो हा.

हे माहीत असलं की दोन गोष्टी हाताला लागतात. एक, ‘टिल’च्या आधी वर स्वल्पविरामासारखी खूण घालून एकच एल लिहायची गरज नाही. काही गळलेलंच नाही, तर गळल्याची खूण कशाला? ते रूप कोशांत सापडतं, पण अर्जात नको. दोन, ‘टिल’ स्वतंत्र शब्द आहे म्हणून त्याचं स्पेलिंग स्वतंत्र लक्षात ठेवा: ‘टिल’ला दोन एल, ‘अंटिल’ला एक. ‘फुल’ला दोन आणि ‘ब्युटिफुल’ला एक असतो, तसंच.

कोशात ‘टिल’खाली आणखी दोन शब्द दिसतील, त्यांना घाबरू नका. दुकानातला गल्लाही ‘टिल’ आणि जमिनीची मशागत करणंही ‘टिल’. मशागतीचा ‘टिल’ जुन्या इंग्रजीतल्या झटणं, खपणं या अर्थाच्या क्रियापदातून आलाय. आपल्या कामाशी दोन्हींचा संबंध नाही.

## ८. तारीख असेल तर शेवटचा दिवस उघड लिहा

‘आय अ‍ॅम ऑन लीव्ह अंटिल एटीन्थ मे.’ अठराला माणूस कामावर येणार की एकोणिसाला? इंग्रजी मातृभाषा असलेले लोकही यावर एकमत होत नाहीत. म्हणून रजा, भाडेकरार, मुदत, विमा अशा ठिकाणी एकट्या ‘अंटिल’वर विसंबू नका.

रजेच्या अर्जासाठी आपल्या कचेऱ्यांत रुळलेली रचना उत्तम आहे: ‘फ्रॉम फिफ्टीन्थ टू एटीन्थ मे, बोथ डेज इन्क्लुझिव्ह’, आणि पुढच्या वाक्यात कामावर रुजू होण्याची तारीख. भारताच्या १८९७च्या जनरल क्लॉजेस अ‍ॅक्टच्या कलम ९ मध्येही दिवस मोजण्यासाठी ‘फ्रॉम’ने पहिला दिवस वगळता येतो आणि ‘टू’ने शेवटचा धरता येतो, असं दिलं आहे. म्हणजे कायद्याच्या मोजणीत ‘फ्रॉम’चा पहिला दिवस सुटू शकतो. पहिला दिवसही धरायचा असेल तर ‘बोथ डेज इन्क्लुझिव्ह’ गाळू नका. अमेरिकेतल्या माणसाला लिहीत असाल तर ‘थ्रू एटीन्थ मे’ म्हणजे अठरा धरून, हे तिकडे पक्कं समजतं.

मध्यरात्रीची मुदत देऊ नका. ‘अंटिल मिडनाइट, फिफ्टीन्थ’ म्हणजे चौदाची रात्र की पंधराची, यावर वाद होतो. ‘११.५९ पी. एम.’ आणि तारीख लिहा.

मराठी अर्जात ‘१५ ते १८ पर्यंत’ असं लिहायची सवय असेल तर तीही सोडा. ‘ते’ आल्यावर ‘पर्यंत’ जादा आहे. ‘१५ ते १८’ किंवा ‘१५ पासून १८ पर्यंत’ असं लिहा.

## सराव

खालची वाक्यं आधी वहीत करा, मग उत्तरं पाहा.

१. बँक चारपर्यंत उघडी असते.
२. चारपर्यंत बँकेत पोहोच.
३. जोपर्यंत साहेब सही करत नाहीत तोपर्यंत फाइल पुढे जाणार नाही.
४. आई आली तोपर्यंत मी भांडी घासून टाकली होती.
५. जोपर्यंत तुझं शिक्षण चालू आहे तोपर्यंत मी पैसे पाठवीन.
६. काल रात्रीपर्यंत मला हे माहीतच नव्हतं.

पहिल्यात उघडं असणं चालू राहतं: ‘द बँक इज ओपन अंटिल फोर.’ दुसऱ्यात पोहोचणं एकदाच होतं: ‘रीच द बँक बाय फोर.’ तिसऱ्यात सही करेपर्यंत, म्हणून पहिला नकार गळतो आणि दुसरा राहतो: ‘द फाइल विल नॉट मूव्ह अंटिल द ऑफिसर साइन्स.’ चौथ्यात ‘घासून टाकली होती’ ही खूण: ‘बाय द टाइम आई केम, आय हॅड वॉश्ड द डिशेस.’ पाचव्यात नकारच नाही, टिकण्याची अट आहे: ‘आय विल सेंड मनी अ‍ॅज लाँग अ‍ॅज यू आर स्टडीइंग.’ सहाव्यात ‘आय डिड नॉट नो धिस अंटिल लास्ट नाइट’, म्हणजे काल रात्री कळलं. अजूनही कळलं नसतं तर हे वाक्य लिहिता आलं नसतं.

पाचवं चुकलं असेल तर तिसरा टप्पा, सहावं चुकलं असेल तर चौथा टप्पा परत वाचा आणि वहीत स्वतःची तीन-तीन वाक्यं करा. पहिली दोन चुकली असतील तर मात्र बाकी सगळं बाजूला ठेवून आठवडाभर फक्त ‘च्या आत’ आणि ‘-त राहा’ या दोनच कसोट्या वापरत राहा. घरात जो कुणी ‘पर्यंत’ म्हणेल त्याच्या वाक्यावर, मराठीतच.